शिगेची गोष्ट

वाचकहो, एरवी आठवड्याच्या आठवड्याला एका पानात आपली भेट उरकते. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात. तेव्हा फराळाचे ताट जवळ ओढून बसा. मीही मांडी घालून बसतो. यंदा सांगण्याजोगी गोष्ट निघाली ती आमच्या माळ्यावरून.

दिवाळीच्या आधी माळा काढायचा, हा आमच्या घरातला कुळाचार आहे. शिडीवर मी आणि खाली पदर खोचून ही. वरून एकेक वस्तू खाली येते आणि हिच्या एका शब्दात तिचा निकाल लागतो : 'ठेवा', 'देऊन टाका', नाहीतर 'मोडीत'. परवा गोणपाटात गुंडाळलेले एक लोखंडी मापटे हाती लागले. माझ्या आजीचे. बुडाशी गंजलेले, एका कडेला चेमटलेले. हिने ते हातात घेऊन जोखले आणि विचारले, "मोडीत?"

मी काही बोललो नाही. शिडीच्या पायरीवरच बसून राहिलो.

"अहो, आधी खाली उतरा. आणि एका मापट्यासाठी एवढा कसला विचार चालला आहे?"

तो विचार तिला सांगितला, तोच तुम्हांला सांगतो. पण तरुण वाचकांसाठी आधी एक खुलासा. धान्य तोलून घेण्याची रीत रुळण्यापूर्वी आपल्याकडे ते मापून घेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. १९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक पद्धत आली आणि सरकारी हिशेबातून ही मापे गेली. खेड्यापाड्यांतल्या बोलण्यातून मात्र पायली अजूनही गेलेली नाही.

आता गोष्ट. साल १९८७. मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवीत असे. डिसेंबरात सातवीची सहल निघाली. कार्यक्रम नेहमीचाच : सकाळी देऊळ, संध्याकाळी बाग, आणि देऊळ व बाग यांच्यामध्ये जी फट उरते तीत वस्तुसंग्रहालय. ९२ मुले, दोन गाड्या, आम्ही तीन शिक्षक आणि एक शिपाई. संग्रहालयाच्या वाट्याला ५० मिनिटे आली होती आणि आत १४ दालने होती. गणित तुम्हीच करा.

दारात पहारेकऱ्याने नियम सांगितले. रांग सोडू नये, हात लावू नये, काचेला टेकू नये, बोलू नये. चार 'नये' ऐकून मुलांनी आपण होऊन हात पाठीमागे बांधले. ती लांबलचक मुकी रांग पाहून मला आपल्या शिस्तीचा अभिमान वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

एका कपाटापुढे रांग अडली. मागल्या बाकावर बसणारा, वर्षभरात वर्गात आपणहून कधी तोंड न उघडलेला एक मुलगा काचेशी उभा होता. आत शेर, मापटे, चिपटे अशी मापे ओळीने मांडलेली. तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी तसा फुललेला कधी पाहिला नव्हता.

"गुरुजी, हे आमच्याकडं हाय. माझी आजी सांगती, ह्याची शीग –"

मी त्याच्या खांद्याला धरून म्हणालो, "घरी आहे ना? मग इथं काय बघत बसलास? चल पुढं, तलवारी राहिल्यात अजून."

सोमवारी सहलीवर निबंध लिहायला दिला. त्याने लिहिले होते : 'आम्ही संग्रहालय पाहिले. तेथे पुष्कळ जुन्या वस्तू आहेत. वस्तूंना हात लावू नये. नंतर आम्ही भेळ खाल्ली.' मी १० पैकी ४ गुण दिले आणि खाली लाल शाईने शेरा मारला, 'निरीक्षण वाढवावे.'

पुढे नववीत तो मुलगा शाळेतून गळाला. कारणे घरची होती, गरिबीची होती. एका मापट्यापायी कुणी शाळा सोडीत नाही, हे मलाही कळते. पण आपल्या घरचे काही शाळेने कान देऊन ऐकले, असे त्याच्या खाती एकदाही जमा झाले नाही. जमा होण्याची एक वेळ आली होती ती मी घालवली, एवढे मात्र माझ्या खाती मांडलेले आहे.

असो. वर्षे गेली. ३४ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. चार वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका संग्रहालयाने शाळेच्या मुलांना दालने दाखवण्यासाठी स्वयंसेवक हवेत असे कळवले. मी अर्ज केला. उत्तर आले की, आधी १२ शनिवारांचे प्रशिक्षण घ्यावे लागेल. मी मनात हसलो. उभा जन्म फळ्यापुढे गेला. मला आता कोण शिकवणार? तरी गेलो. शिकवायला होती माझ्या धाकट्या मुलीहून लहान अशी एक मुलगी. पहिल्या शनिवारी मी तिला 'अगं' म्हणालो. बाराव्या शनिवारी 'अहो बाई' म्हणू लागलो होतो. मधल्या दहा शनिवारी काय झाले ते ऐका.

या बाई बडोद्याला शिकलेल्या. संग्रहालय चालवण्याचेही एक शास्त्र असते, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९५२ साली सुरू झाला, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आपल्या देशात या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या पहिल्या ठिकाणांत त्याची गणना होते. बडोद्याचे संग्रहालय त्याहून जुने, १८९४ सालचे, खुद्द सयाजीराव महाराजांनी स्थापलेले. आणखी एक योगायोग बाईंनी सांगितला. त्याच १९५२ साली युनेस्कोने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात देशोदेशींची संग्रहालयातली माणसे जमवली आणि जवळजवळ महिनाभर एकाच प्रश्नाची चर्चा घडवली : शिक्षणाच्या कामी संग्रहालयाचा उपयोग काय? म्हणजे प्रश्न सत्तर वर्षांहून जुना आहे. आपल्याकडच्या कित्येक दालनांत मात्र तो अजून दाराबाहेर चपला काढून उभा आहे.

पहिल्या शनिवारी बाईंनी व्याख्यान दिलेच नाही. प्रत्येकाच्या पुढे एकेक वस्तू ठेवली आणि १० मिनिटे न बोलता तिच्याकडे बघा म्हणाल्या. माझ्या वाट्याला अडकित्ता आला. अडकित्त्यात १० मिनिटे बघण्यासारखे काय असते? दोन मिनिटांत माझे बघून झाले. उठता येत नव्हते म्हणून बघत राहिलो. मग दिसले की, पाते टोकाशी धड आहे, पण बिजागरीकडे पार झिजले आहे. मूठ माझ्या हातात मावत नाही, म्हणजे ती लहान हाताची असावी. एका बाजूची नक्षी पुसून गुळगुळीत झाली आहे; अंगठा तिथेच पडत असणार. दहाव्या मिनिटाला माझ्यापुढे अडकित्ता उरलाच नव्हता. कुठल्याशा ओसरीवर बसून वर्षानुवर्षे सुपारी कातरणारे एक माणूस मला दिसू लागले होते.

"आता पाटीवर काय लिहिलंय ते वाचा," बाई म्हणाल्या. पाटीवर लिहिले होते : 'अडकित्ता. पितळ.'

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. दिनकर केळकरांनी उभी हयात घरोघरच्या साध्या वस्तू जमवण्यात घालवली, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि पुढे तो सगळा राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्या माणसाला स्वयंपाकघरात इतिहास दिसला होता. मला, इतिहासाच्या मास्तरला, तो तलवारींपलीकडे दिसला नव्हता.

पुढल्या शनिवारी तीन प्रश्न शिकलो. हे प्रश्न ॲबिगेल हाउसेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन यांनी घडवले. मुलांना चित्रापुढे बसवायचे आणि विचारायचे : यात काय चालले आहे? असे कशावरून वाटते? आणखी काय दिसते? बस्स. चित्रकाराचे नाव, साल, शैली हे सगळे मागाहून. आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारले, "पण मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर?" बाई म्हणाल्या, "कशावरून, ते विचारा. पुरावा दाखवताना मूल पुष्कळदा स्वतःच उत्तर बदलतं. आणि जिथं माहिती द्यायलाच हवी तिथं द्या. पण मुलाला ती हवीशी झाल्यावर द्या."

सहाव्या शनिवारी माझी परीक्षा. जवळच्या शाळेची १५ मुले आणि एक जुना रांजण. मी रंगात येऊन बोललो. वर्ग संपल्यावर बाईंनी हातातला कागद माझ्यापुढे धरला.

"सर, तुम्ही ९ मिनिटं घेतलीत. ११ प्रश्न विचारलेत. त्यांतल्या ८ प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत. उरलेल्या ३ प्रश्नांना मुलं नुसती 'हो' म्हणाली."

मी म्हणालो, "कुणी बोललंच नाही तर काय करणार?"

"तुम्ही थांबलाच नाहीत, सर."

मग त्यांनी मेरी बड रो या अमेरिकन विदुषीचे संशोधन सांगितले. १९७० च्या सुमारास त्यांनी अनेक वर्गांतले बोलणे ध्वनिमुद्रित करून मोजले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभर थांबतात, तेवढ्यात उत्तर आले नाही की स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असे त्यांना आढळले. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की मुलांची उत्तरे लांबतात, न बोलणारी मुले बोलू लागतात, आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद! मी घरी येऊन घड्याळ लावून पाहिले. वाचकहो, तीन सेकंद गप्प राहणे मास्तराला किती जड जाते, हे मास्तरालाच ठाऊक. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती निराळ्या कारणाने. १९८७ साली त्या मुलाचे वाक्य पुरे व्हायला तीन सेकंदसुद्धा लागले नसते.

इथवर संग्रहालयाची बाजू झाली. आता शाळेची बाजू ऐका, कारण टाळी एका हाताने वाजत नाही.

आठव्या शनिवारी बाईंनी आम्हांला संग्रहालयात न बोलावता महापालिकेच्या एका शाळेत नेले. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला आणि चहाबरोबर खरपूस समाचारही घेतला. "तुम्ही मंडळी पत्रक पाठवता, 'मुलांना घेऊन या.' गाडीचं भाडं कोण देणार? पालकांची संमतिपत्रं गोळा करायची, शिक्षणखात्याची परवानगी काढायची, एका दिवसाचा अभ्यास बुडवायचा. एवढं करून आलं की तुमच्याकडं कुणीतरी कर्मचारी पुढं पळत सुटतो आणि मागं आमची पोरं. परत आल्यावर मी शिक्षकांना काय विचारू? काय शिकवलंत म्हणून?"

आमच्या बाईंनी एकही मुद्दा खोडला नाही. वहीत सगळे उतरवून घेतले आणि एवढेच विचारले, "सातवीला कुठला भाग मुलांच्या गळी उतरत नाही, ते सांगाल का?"

शिक्षकांच्या खोलीत क्षणभर शांतता पसरली. असे त्यांना बहुधा कुणी विचारले नसावे. मग एक तरुण मराठीच्या बाई म्हणाल्या, "वाक्प्रचार. पोरं अर्थ पाठ करतात आणि वाक्यात भलतंच काहीतरी घालतात. 'आईचा स्वयंपाक शिगेला पोहोचला,' असं लिहिलंय एकानं." सगळे हसले. मीही हसलो. आमच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहीत 'शीग' एवढा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

तिथून जे घडले त्याला त्या 'जोडकाम' म्हणत. त्याचे टप्पे साधे आहेत. शिक्षकांनी आधी मुलांशिवाय, एकट्याने संग्रहालयात यायचे आणि कुठल्या दोन कपाटांपुढे थांबायचे ते ठरवायचे. १४ दालने नव्हेत, दोन कपाटे. मग मुलांना वर्गात एक काम द्यायचे. मग भेट, तीही एका वेळी १५-१५ मुलांच्या गटाने, बाकीच्यांनी तोवर अंगणात बसून एखाद्या वस्तूचे चित्र काढायचे. आणि भेटीनंतर आठवडाभरात आमच्यापैकी एकाने शाळेत जायचे आणि मुलांनी काय लिहिले ते ऐकायचे. गाडीचे भाडे एका स्थानिक व्यापारी मंडळाने उचलले. शाळेने एक तास सोडला तो मराठीचा, म्हणजे अभ्यास बुडाला असेही कुणाला म्हणता येईना.

मुलांना दिलेले काम असे होते : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या, पूर्वी धान्य कसे मोजीत आणि त्या वेळचे कुठले शब्द त्यांना आठवतात.

तो दिवस आला. नोंदवहीत चढलेली वस्तू मुलांच्या हाती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण हाताळण्यासाठी म्हणून जुन्या बाजारातून घेतलेल्या वस्तूंची एक निराळी पेटी बाईंनी केली होती. तीत एक मापटे होते. मी ते सतरंजीवर ठेवले, शेजारी ज्वारीचे पोते उघडे केले आणि विचारले, "हे भरा पाहू."

एका मुलाने भरले. मग मी विचारले, "भरले का?" आणि मनात मोजू लागलो. एक. दोन. तीन.

"नाही अजून," एक जण म्हणाला आणि त्याने वरून आणखी ओंजळभर ओतली. कडेच्या वर ज्वारीचा छोटासा डोंगर उभा राहिला. आणखी एकाने ओतले. दाणे घरंगळू लागले. आता एक दाणा ठेवला तरी तो खाली येई.

"आता?"

"आता बास. आता वर जागाच नाही," मुले म्हणाली.

"या वरच्या डोंगराला काय म्हणत असतील?"

मागून एक बारीक आवाज आला, "शीग. माझ्या पणजीनं सांगितलं."

मराठीच्या बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी झटकन तोंडावर हात घेतला. कुणी काही समजावून सांगितले नाही, एक मुलगा आपण होऊनच ओरडला, "बाई, म्हणजे शिगेला पोहोचणं हेच!" वाचकहो, ३४ वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो : शिगेला पोहोचणे, परमावधी होणे. शीग म्हणजे मापाच्या कडेवर चढलेली रास, आणि तिच्या टोकाला पोहोचले की त्यावर आणखी काही राहूच शकत नाही, हे त्या दिवशी त्या सतरंजीवर माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आईचा स्वयंपाक का शिगेला पोहोचत नाही, हे त्या मुलांना आता कुणी सांगावे लागणार नव्हते.

पण गोष्ट इथे संपत नाही. शीग सांगणाऱ्या त्या मुलीच्या हातात वही होती. ती काही वाचू का, असे डोळ्यांनीच विचारीत होती. तोंडावर आलेले कौतुकाचे शब्द मी गिळले आणि थांबलो. तिने वाचले : "पणजी सांगती, आम्ही मजुरीला जायचो. मालक मजुरीचं धान्य द्यायचा तवा मापावरनं हात फिरवायचा, सपाट. अन् उसनं नेलेलं परत घ्यायचा तवा शीग लावून घ्यायचा. देताना सपाट, घेताना शीग. माप एकच."

कुणी बोलले नाही. मी तीन सेकंद मोजले नाहीत, पण तीनाहून पुष्कळ जास्त झाले असतील. मग ज्वारी ओतणाऱ्या त्या मुलाने मापट्यावरून हात फिरवला, शीग खाली सांडली, आणि सांडलेले दाणे दोन्ही हातांनी गोळा करून तो म्हणाला, "म्हणजे एवढं जायचं. दर वेळी."

त्याच्या दोन्ही ओंजळी भरल्या होत्या.

व्याज, कर्ज, वेठबिगार हे मी वर्षानुवर्षे शिकवले आहे. त्या ओंजळींइतके ते मला कधी शिकवता आले नाही. आणि त्याच क्षणी १९८७ सालचे ते अर्धे वाक्य मला पुन्हा ऐकू आले : 'माझी आजी सांगती, ह्याची शीग –' पुढे तो काय म्हणणार होता? हेच म्हणणार होता काय? मला ठाऊक नाही. आता ते कधीच कळायचे नाही. एवढे कळले की, त्या दिवशी त्या दालनात इतिहास ज्याला येत होता त्याला मी निरीक्षण वाढवायला सांगितले होते.

आता थोडे कटू बोलतो. दिवाळीच्या फराळात एखादा कारीट फोडावाच लागतो. आमच्या त्या बाई कंत्राटावर होत्या. अकरा-अकरा महिन्यांचे कागद. गेल्या वर्षी मार्चमध्ये कागद संपला, नवा झाला नाही. दिव्यांसाठी पैसे होते, नव्या काचांसाठी होते, प्रवेशद्वाराच्या कमानीसाठीही होते. मुलांशी बोलणाऱ्या माणसाचे पद मात्र मंजूर नव्हते. वरिष्ठ मंडळी मनापासून हळहळली, आणि बाई दुसऱ्या राज्यात नोकरीला गेल्या. जूनमध्ये एका शाळेने फोन केला तेव्हा तो उचलणाऱ्याला जोडकाम म्हणजे काय हेच माहीत नव्हते.

हे आमच्या एकाच गावाचे दुखणे असते तर मी तुमचा दिवाळीतला वेळ घेतला नसता. या कामाचे महत्त्व नवे नाही. इंग्लंडात लिव्हरपूलच्या संग्रहालयाने १८८४ साली वस्तूंच्या पेट्या शाळाशाळांत फिरवायला सुरुवात केली होती. लंडनच्या जेफ्री संग्रहालयात मॉली हॅरिसन या बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून मुलांच्या हाती कागद-पेन्सिल देऊन त्यांना घरगुती सामानसुमानापुढे बसवले, आणि पुढे त्याच त्या संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या. आपल्या कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ साली विज्ञानाचे प्रदर्शन गाडीत घालून खेड्यांच्या शाळांकडे नेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांच्या दारी जाते आहे, आणि २०१९ साली त्यांनी आवारात मुलांसाठी निराळे संग्रहालयही उघडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना शिकण्याची सोय सांगितली आहे. संग्रहालयांच्या जागतिक परिषदेने २०२२ साली प्राग शहरात संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तीतही शिक्षणाचा उल्लेख आहे. व्याख्या आहे, धोरण आहे, बसगाड्यासुद्धा आहेत. उणीव आहे ती प्रश्न विचारून तीन सेकंद थांबू शकणाऱ्या माणसाची. असा माणूस जन्मत नाही, घडवावा लागतो. आणि घडवल्यावर त्याला ठेवून घ्यावे लागते. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. माझ्या मते यात फार मोठा विनोद दडलेला आहे.

पण दिवाळीत रडगाण्यावर शेवट करू नये, आणि करण्याचे कारणही नाही. त्या महापालिकेच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी यंदा आमची वाट पाहिलीच नाही. जोडकामाचा फायदा हाच की, शिकवणारा एका बाजूने गेला तरी दुसऱ्या बाजूला विद्या शिल्लक राहते. सहामाहीच्या आधीच त्या एकट्या संग्रहालयात येऊन दोन कपाटे ठरवून गेल्या. आम्ही पाच-सहा म्हातारे स्वयंसेवक आहोत, आम्हांला त्यांनीच बोलावून घेतले. शाळेत त्यांनी आपली स्वतःची एक पेटी सुरू केली आहे : पालकांनी दिलेला खलबत्ता, एक कंदील, एका आजोबांची टपालखात्यातली पिशवी. नव्या शिक्षिकांना त्या काय सांगतात ते मी दाराआडून ऐकले. "प्रश्न विचारलास ना? मग आता थांब."

तर माळ्याखालची ती शिडी. सगळे ऐकून झाल्यावर हिने ते मापटे पदराने पुसले. चिंच लावून घासले. ज्वारीच्या डब्यातून भरून आणले, वर शीग लावली आणि निरखून पाहत म्हणाली, "आमच्या माहेरी हळदीकुंकवाच्या वाणाला शिगोशीग देत असत. द्यायच्या वेळी सपाट भरलं तर माझी आई रागावायची."

४१ वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच ऐकत होतो. विचारलेच नव्हते कधी.

मापटे मोडीत गेले नाही. भाऊबीज झाली, शाळा उघडली की त्या पेटीत जाईल. तुमच्याही माळ्यावर काही निघाले असेल, तर निकाल लावण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हाती ते एकदा द्या आणि शेजारी नातवंडाला बसवा. कुणी शिक्षक हे वाचीत असतील, तर पुढल्या सहलीच्या आधी एकदा एकट्यानेच संग्रहालयात जाऊन या. आणि कुणा संग्रहालयाच्या कारभारी मंडळींच्या हाती हा अंक पडला, तर कमानीच्या खर्चातून एका माणसाचा पगार निघतो का, तेवढे पाहा.

दिवाळीच्या शुभेच्छा देताना सपाट भरू नये म्हणतात. तेव्हा तुम्हां सर्वांना त्या शिगोशीग!